घराची जोपासना : फेंगशुईतील स्थलविचार आणि गृहविधी

गेल्या तीन दशकांत ‘फेंगशुई’ हा शब्द भारतीय शहरांतील मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. मात्र तो घरात आला तो वस्तूंच्या रूपाने. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेला ‘लाफिंग बुद्धा’, दारात टांगलेले विंड चाइम, लाल दोऱ्यात ओवलेली चौकोनी भोकाची चिनी नाणी, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक आणि काचेच्या भांड्यात उभ्या केलेल्या हिरव्या कांड्या, एवढ्या सामग्रीतच फेंगशुई सामावलेली आहे असा अनेकांचा समज झालेला दिसतो. ज्या चिनी समाजात ही विद्या वाढली तेथे तिचे स्वरूप काय होते, तिच्या जोडीने घरात कोणते विधी चालत, आणि परदेशी बाजारपेठेत उतरताना यांतले काय टिकले व काय गळून पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विचाराला व्यावहारिक बाजूही आहे. घरातील आजारपण, नोकरीतील अपयश किंवा पतिपत्नींमधील बेबनाव यांचे खापर जेव्हा दाराच्या दिशेवर फोडले जाते, तेव्हा त्याची किंमत त्या कुटुंबाला मोजावी लागते. आणि भिंत हलवण्याचा अधिकारच नसलेल्या भाडेकरूच्या वाट्याला केवळ धास्ती येते.

संज्ञा आणि मूळ विचार

‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. या दोन साध्या शब्दांतच या विद्येचे बीज आहे. परंपरेने ग्वो पू (इ. स. २७६–३२४) याच्या नावावर असलेला ‘त्सांगशू’ हा ग्रंथ या विद्येचा आधारग्रंथ मानला जातो. त्याचा विषय घर हा नसून दफनभूमी हा आहे. भूमीतून वाहणारी प्राणशक्ती, म्हणजे चिनी परिभाषेतील ‘ची’, वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी अडते. म्हणून ती जेथे साठून राहील अशी जागा शोधावी, हा त्यातील विचाराचा गाभा होय. मृतांच्या स्थानाला ‘यिन’ घर आणि जिवंतांच्या निवासाला ‘यांग’ घर म्हणण्याची पद्धत पडली. पूर्वजांची विश्रांती आणि वंशजांची भरभराट ही एकाच सूत्रात ओवलेली असल्याने कबरीची जागा आणि घराची जागा या दोहोंना सारखेच महत्त्व आले.

आदर्श जागेचे वर्णन चार प्राण्यांच्या रूपकाने केले जाते. पाठीशी काळे कासव, म्हणजे उंच डोंगर. डावीकडे निळा-हिरवा ड्रॅगन आणि उजवीकडे पांढरा वाघ, म्हणजे दोन बाजूंच्या टेकड्या. आणि समोर लाल पक्षी, म्हणजे मोकळी जमीन व वळण घेत वाहणारे पाणी. घराचे तोंड दक्षिणेकडे असावे असा या रचनेचा संकेत आहे. उत्तर चीनचे हवामान लक्षात घेतले म्हणजे या रूपकामागील अनुभव उलगडतो. तेथे हिवाळ्यातले बोचरे वारे वायव्येकडून येतात, ऊन दक्षिणेकडून मिळते आणि उन्हाळ्यातले पावसाळी वारे आग्नेयेकडून वाहतात. पाठीमागचा डोंगर थंडी अडवतो, समोरची मोकळीक ऊन आत घेते, पाणी शेतीला उपयोगी पडते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले शहाणपण येथे रूपकाच्या भाषेत जतन झाले आहे.

पुढे या विद्येच्या दोन मुख्य परंपरा झाल्या. एक भूमीचे आकार वाचणारी, तर दुसरी दिशा व कालगणना यांवर भर देणारी. दुसऱ्या परंपरेचे साधन म्हणजे ‘लुओपान’ हे होकायंत्र. मधोमध चुंबकसूची आणि तिच्याभोवती अनेक वर्तुळांत कोरलेल्या खुणा असे त्याचे स्वरूप असते. शेन कुओ या अकराव्या शतकातील विद्वानाने इ. स. १०८८च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात, ही सूची अगदी दक्षिणेला न थांबता किंचित पूर्वेकडे कलते, असे नोंदवले आहे.

वास्तू, वस्ती आणि वनराई

बीजिंगमधील ‘सिहयुआन’ या पारंपरिक घरात हा विचार दगडविटांत उतरलेला दिसतो. मधे चौक आणि चारी बाजूंना इमारती अशी त्याची रचना असते. मुख्य दालन उत्तरेला, दक्षिणाभिमुख. तेथे घरातील वडीलधारी मंडळी राहत. प्रवेशद्वार बहुधा आग्नेय कोपऱ्यात असून आत शिरताच समोर एक आडवी भिंत येते. अशुभ शक्ती सरळ रेषेत चालतात, त्या या भिंतीला थडकून परततात, अशी लोकश्रद्धा होती. रस्त्यावरची नजर आणि वाऱ्याचा झोत अडवण्याचे कामही तीच भिंत करी. दक्षिण आन्हुईमधील ह्वेईझोऊ भागातील घरांत चौक अरुंद व उंच होतो. चारी छपरांचे पाणी आत उतरून घरातच जमते, म्हणजे लक्ष्मी बाहेर जात नाही, असे तेथील व्यापारी कुटुंबे मानत. चौसोपी वाड्याच्या चौकाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला उजेड आणि हवा यांची ही सोय ओळखीची वाटेल.

याच भागातील होंगत्सुन हे गाव २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्याची आखणी बसलेल्या म्हशीच्या आकाराची मानली जाते. टेकडी हे तिचे डोके, घरे हे शरीर, घरांच्या कडेने खेळवलेला पाट हे आतडे आणि गावाच्या मध्यावरचे अर्धचंद्राकृती तळे हे पोट. रूपक कितीही कल्पित असले तरी मिंग काळापासूनची ही जलव्यवस्था खरी आहे. दक्षिण चीन व हाँगकाँग परिसरातील अनेक खेड्यांच्या मागे ‘फेंगशुई वने’ आढळतात. गावाचे भाग्य या झाडीत आहे, ती तोडू नये, या निर्बंधामुळे मूळचे वृक्ष टिकले आणि उतारावरची मातीही धरून ठेवली गेली. सह्याद्रीतील देवरायांशी त्यांचे साम्य सहज जाणवते. देवराईला देवाचे भय राखते, तर फेंगशुई वनाला गावाच्या भाग्याची काळजी राखते. परिणाम मात्र एकच, कुऱ्हाड थांबते.

परंपरेतील शंकाकार

ही विद्या चीनमध्ये निर्विवाद होती असे मात्र नाही. पहिल्या शतकातील वांग चुंग या विचारवंताने आपल्या ‘लुन-हंग’ या ग्रंथात, दाराची दिशा व घरमालकाच्या आडनावाचा उच्चार यांचा मेळ बसला पाहिजे या तत्कालीन मताची कठोर तपासणी केली. सातव्या शतकात तांग सम्राट ताइझोंग याच्या आज्ञेवरून अशा ग्रंथांचे संस्करण करणाऱ्या ल्यू त्साई याने निवास व दफन यांविषयीच्या शकुनशास्त्रातील विसंगती दाखवून दिल्या. चिनी लोकोक्तीतही फेंगशुईचे स्थान मर्यादित आहे. माणसाचे आयुष्य घडवणाऱ्या गोष्टींची गणती करताना ती पहिले स्थान प्राक्तनाला, दुसरे दैवयोगाला, तिसरे फेंगशुईला, चौथे पुण्यसंचयाला आणि पाचवे विद्याभ्यासाला देते. घराच्या मांडणीने सर्व काही साधते, असा दावा परंपरेतील सामान्य माणूसही करीत नव्हता. मांडणीच्या पलीकडचा जो भाग उरतो, तो गृहविधींचा.

घरातील देव आणि वर्षअखेरची आवराआवर

स्थलनिवड ही तज्ज्ञाच्या हातची आणि बहुधा एकदाच होणारी गोष्ट. घराची रोजची व वार्षिक जोपासना मात्र घरातल्या माणसांकडे असे. तिच्या केंद्रस्थानी आहे चूल. चुलीच्या वर ‘झाओजुन’ या चूलदेवतेचे कागदी चित्र लावलेले असते. कित्येकदा त्यावर वर्षाचे पंचांगही छापलेले असते. हा देव वर्षभर त्या घरातले बोलणेचालणे पाहतो आणि चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्यात, उत्तरेकडे २३ व्या तर दक्षिणेकडे २४ व्या दिवशी, स्वर्गात जाऊन सम्राटदेवापुढे त्या कुटुंबाचा अहवाल मांडतो, अशी श्रद्धा आहे. निरोपाच्या वेळी त्याला चिकट गोड पदार्थ अर्पण करतात, क्वचित चित्रातील ओठांना मध चोपडतात. त्याने गोड बोलावे किंवा तोंड चिकटून गप्प बसावे, हा त्यामागचा मिस्कील हेतू. जुने चित्र जाळले म्हणजे देव निघाला. वर्षाच्या शेवटच्या रात्री नवे चित्र लावले म्हणजे तो परतला.

देव गेल्यावर घर झाडायला घेतात. चिनी भाषेत ‘धूळ’ आणि ‘जुने’ या अर्थांचे शब्द एकसारखे उच्चारले जातात. त्यामुळे धूळ झाडणे म्हणजे सरत्या वर्षाची मरगळ झाडणे, असा श्लेष साधला जातो. उलट नववर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, कारण केराबरोबर आलेले भाग्यही बाहेर जाईल. दारांवर द्वारपालांची चित्रे चिकटवतात; छिन शुबाओ आणि युची गोंग हे तांग सम्राटाचे दोन सेनानी लोककथेतून द्वारदेवता झाले आहेत. चौकटीला लाल कागदावरील शुभवचने लावली जातात. वसंतोत्सवाच्या या आचारांना युनेस्कोने २०२४ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले.

घर बांधतानाचे विधीही याच अंगाने पाहता येतात. आढे चढवण्याचा दिवस सुताराच्या मानाचा असे. सुतारकामाच्या ‘लु बान जिंग’ या जुन्या पोथीत मापे आणि शुभ मुहूर्त यांच्या बरोबरीने, दुखावलेले कारागीर घरात लपवून ठेवत असलेल्या अनिष्ट वस्तूंची व त्यांवरील उताऱ्यांची माहिती दिलेली आहे. ज्या हातांनी घर उभे राहते त्यांचा अवमान झाला तर ते घर लाभत नाही, हा त्यातला सामाजिक आशय दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ऐकणारे घर

या विधींचा मराठी घराशी ताडून विचार केला असता एक समान कल्पना हाती लागते. वास्तुपुरुष सदैव ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. चूलदेव अहवाल देतो, वास्तुपुरुष होकार देतो. दोन्हीकडे घर ऐकते आहे. घराला कान आहेत असे मानले की बोलण्याला आपोआप लगाम बसतो, भांडणाला मर्यादा येते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजणे, दिवेलागणीला केर न काढणे, उंबरठ्यावर रांगोळी घालणे, नव्या घरात वास्तुशांत करणे, या आचारांचे चिनी आचारांशी साम्य आहे. परंतु त्यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. चूल, दार, केर आणि वर्षाचा सांधा ही कोणत्याही स्थिर कुटुंबजीवनातली नाजूक ठिकाणे आहेत. दोन्ही समाजांनी तेथे पहारा बसवला, एवढेच म्हणता येते.

या जोपासनेत कष्ट कोणाचे आणि मान कोणाचा, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. स्त्रियांनी चूलदेवाची पूजा करू नये, असा संकेत चीनच्या अनेक भागांत होता. वर्षभर त्या चुलीपाशी राबणारी स्त्री, आणि देवाला निरोप देणारा घरचा कर्ता पुरुष. मराठी घरातही संकल्प यजमानाच्या नावाचा आणि सोवळ्याओवळ्यापासून नैवेद्यापर्यंतची तयारी गृहिणीची, ही विभागणी अपरिचित नाही. गृहविधींचे मोल सांगताना हा असमतोल झाकला गेला, तर ‘घराची जोपासना’ हे घरातील एकाच व्यक्तीवर लादलेल्या ओझ्याचे गोंडस नाव ठरेल.

बाजारपेठेतील रूपांतर

१९४९ नंतरच्या चीनमध्ये फेंगशुईची गणना अंधश्रद्धेत झाली आणि १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीतींविरुद्धच्या मोहिमेत तिच्यावर व गृहदेवतांच्या पूजेवर घाला आला. हाँगकाँग, तैवान व आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांत मात्र परंपरा चालू राहिली. अमेरिकेत लिन युन यांनी प्रवर्तित केलेल्या पंथाने तिला वेगळे वळण दिले. त्यात होकायंत्राला फाटा मिळाला. घराच्या नकाशावर नऊ खणांची आकृती प्रवेशाच्या बाजूशी जुळवून ठेवायची आणि एकेका खणाला संपत्ती, विवाह, कीर्ती इत्यादी विषय वाटून द्यायचे, अशी ही पद्धत. डोंगर, वारा, पाणी यांची गरज उरली नाही. कोणत्याही शहरातल्या कोणत्याही सदनिकेला ती लागू करता येऊ लागली. सुटसुटीतपणामुळे ती लोकप्रिय झाली आणि ज्या खणात ‘दोष’ निघेल तेथे ठेवण्यासाठी वस्तू आल्या. भारतात १९९०च्या दशकापासून या वस्तूंना मोठी बाजारपेठ मिळाली.

या वस्तूंचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. ‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो दहाव्या शतकाच्या आरंभीचा बुदाई नावाचा चिनी भिक्षू, ज्याला पुढे मैत्रेयाचा अवतार मानले गेले. ‘बुदाई’ म्हणजे कापडी झोळी. झोळी खांद्यावर टाकून भटकणारा हा अनिकेत साधू आज गल्ल्यावर बसून धनाची राखण करतो. ‘लकी बांबू’ हा मुळी बांबूच नव्हे. ते ड्रासिना जातीचे मध्य आफ्रिकेतील झाड आहे. संपत्तीसाठी लावला जाणारा मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाचा. प्राचीन चिनी विद्या म्हणून जे विकले जाते, त्यातील बराच भाग चिनी नाही आणि प्राचीनही नाही.

दिशांच्या बाबतीतील विसंगती अधिक मोलाची आहे. चिनी परंपरेत दक्षिण ही सर्वोत्तम दिशा. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून सिंहासनावर बसे. भारतीय परंपरेत दक्षिण ही यमाची दिशा, आणि प्रचलित वास्तुशास्त्र दक्षिणद्वार टाळायला सांगते. एकाच इमारतीतील एकच दार एका शास्त्राने उत्तम व दुसऱ्याने वर्ज्य ठरत असेल, तर सुखदुःखाचे कारण दिशेत शोधणे किती डळमळीत आहे हे उघड होते. दिशेला अर्थ येतो तो तेथील ऊन, वारा, पाऊस आणि समाजाच्या स्मृतीतून. ज्या किनाऱ्यावर पाऊस नैर्ऋत्येकडून येऊन धडकतो, तेथे बीजिंगचा संकेत जसाच्या तसा लावणे हे फेंगशुईच्या मूळ तत्त्वालाही सोडून आहे. कारण ते तत्त्व जागा वाचायला सांगते.

मांडणीतील वस्तूंनी पैसा येतो वा रोग टळतो याला शास्त्रीय पुरावा नाही. तोटा मात्र प्रत्यक्ष होतो. भिंतीतली ओल, बंद केलेली खिडकी, धूर कोंडणारे स्वयंपाकघर ही आजाराची खरी कारणे बाजूला राहतात आणि पैसा स्फटिकावर किंवा दार फिरवण्यावर खर्च होतो. क्वचित घरात नव्याने आलेल्या सुनेचा ‘पायगुण’ आणि घराचा ‘दोष’ एकाच दमात उच्चारले जातात. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण माणसे पालटल्याचे दुःख सांगते. वासे फिरवले की माणसे सुधारतील, असे ती म्हणत नाही.

समारोप

फेंगशुईच्या परंपरेचे दोन भाग होते. एक, भूमीचे वाचन; दुसरा, घरात राहणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे आचरण. बाजारपेठेने पहिल्याचा नकाशा केला, त्याला वस्तूंची जोड दिली आणि दुसरा भाग जवळजवळ वगळला, कारण तो विकता येत नाही. पण तोच आजच्या घराला अधिक उपयोगी आहे. दिल्ली, इंदूर वा बेंगळुरू येथे बदलीच्या नोकरीत दर चार वर्षांनी सरकारी निवासस्थान बदलणाऱ्या कुटुंबाला घराची दिशा निवडता येत नाही. दाराशी अडगळ साचू न देणे, ऊन आणि वारा कोठून येतो हे पाहून बसण्या-झोपण्याच्या जागा ठरवणे, संध्याकाळी दिवा लावून क्षणभर सर्वांनी एकत्र थांबणे, वर्षातून एकदा जुने काढून घर सर्वांनी मिळून झाडणे, काम करणाऱ्या हातांचा मान राखणे, या गोष्टी मात्र त्याच्या हाती आहेत. श्रद्धावंताला त्यांत देव दिसेल, इतरांना व्यवस्था दिसेल. आचरण दोघांनाही शक्य आहे. चूलदेव वर्षअखेरीला सांगतो ते घरातल्या माणसांचे वागणे. चुलीची दिशा त्याच्या अहवालात नसते.